पानामागं किती

कुंडलिकरावांनी छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे वजनावर विकले, त्यात पदरची भर घातली आणि कॉम्प्युटर आणला, ते साल पंचाण्णव. बारामतीत तेव्हा डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागायचं. मशीन चालवायला त्यांनी पुण्याहून ऑपरेटर आणला होता. तो तीन महिने टिकला. पुण्यात दुप्पट पगार मिळतो म्हणून एका सोमवारी तो आलाच नाही. मग मशीनवर कापडी झाकण घालून कुंडलिकरावांनी दुकानाबाहेर पाटी लावली : ऑपरेटर पाहिजे.

ती पाटी रेश्मानं वाचली. लहानग्या शंभूराजला डॉक्टरला दाखवून ती स्टँडकडं निघाली होती. ती कोऱ्हाळे बुद्रुकची सून. माहेर इंदापूरकडचं. बारावीनंतर लग्न जमेपर्यंत तिनं इंदापुरात मराठी टायपिंग केलं होतं आणि परीक्षाही दिली होती. लग्नानंतर त्याचा कुणाला उपयोग नव्हता. सासरी थोडी जमीन होती. सासरे हयात असताना त्यांनी मेंढरं विकून ती घेतली होती. नवरा सिद्धू दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. हंगामात माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहायचा आणि एरवी मिळेल ते करायचा.

“मला मराठी टायपिंग येतं,” ती दारातूनच म्हणाली.

कुंडलिकरावांनी तिच्याकडं बघितलं, मग कडेवरच्या पोराकडं. “कुठली गं तू?”

“कोऱ्हाळ्याची. परीक्षा इंदापुरात दिली हुती.”

“कॉम्प्युटर कधी बघितलाय?”

“न्हाय.”

“मी पण यंदाच बघितला,” ते म्हणाले. “ये, बस. काय बिघडलं तर बघू.”

कळा टाइपरायटरच्याच जागी होत्या, एवढाच तिला आधार होता. बाकी सगळं नवीन. पण पडद्यावर उमटलेलं अक्षर पुसून परत लिहिता येतं, हे कळल्यावर तिची भीती गेली. जोडाक्षरं कशी आणायची हे पुस्तकात धड दिलेलं नव्हतं. ते तिनं एकेक कळ दाबून शोधलं. कोपऱ्यातल्या वेलबुट्ट्या, दोन रकान्यांचं पान, छपाईसाठी बटर पेपरवर उलटी प्रिंट, हे सगळं ती सहा महिन्यांत शिकली. पगार सातशे रुपये. एसटीचा पास जाऊन उरायचे ते ती सासूच्या हातात द्यायची. सासू बनाबाई ते पैसे घेऊन डब्यात ठेवायची. सून दिवसभर खुर्चीत बसते, हे तिला काम वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ऐन लग्नसराईत रेश्माला कावीळ झाली आणि ती घरी पडून राहिली. चौथ्या दिवशी कुंडलिकराव लुनावर बसून कोऱ्हाळ्यात आले. पिशवीत केळी होती.

“पत्रिका अडकल्यात गं,” ते अंगणातल्या बाजेवर बसत म्हणाले. “दोन वऱ्हाडं दुकानात ठिय्या मारून हायेत. मी बोटानं एकेक अक्षर शोधतोय, तर मुलीच्या बापाचं नाव मुलाच्या जागी पडलं.”

रेश्मा हसली. हसताना पोटात कळ आली.

“बरी हो मग ये. घाई न्हाय,” ते म्हणाले, आणि लगेच पुढं म्हणाले, “पण लवकर ये. पुढच्या महिन्यापासनं पंधराशे देतो.”

तिनं मागितले नव्हते. दारात उभ्या बनाबाईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून घरात सुनेसाठी भाकरी झाकून ठेवली जाऊ लागली. शेजारणीशी बोलताना बनाबाई म्हणायची, “आमची रेश्मा कॉम्प्युटरवर असती.” सिद्धूला वर्षाच्या सरासरीनं महिन्याला एवढे पडत नव्हते. त्यानं एकदा तसं बोलूनही दाखवलं, पण कौतुकानं.

रेश्माला वाटलं, आपलं काम चांगलं म्हणून पगार वाढला. ते खरं होतं, पण अर्धंच. आजूबाजूला ते काम येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे उरलेलं अर्धं. तिला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या आनंदात तिनं ते मनावर घेतलं नसतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर इंद्रजित दुकानात आला. तो इंदापूरचा, पुण्यात राहून धंदा करणारा. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठ्याची मोठी फाइल. पुण्यातली एक कंपनी शेतीवरची जुनी-नवी पुस्तकं एकत्र करून सीडीवर काढणार होती. पिकं, रोग, खतं, जनावरं, सगळं एका चकतीवर, नाव शोधलं की पान समोर. त्यासाठी हजारो पानं कॉम्प्युटरवर चढवायची होती. पुण्यात माणसं महाग पडतात म्हणून तो तालुक्याच्या गावांतून फिरत होता.

त्यानं रेश्माला एक पान करायला दिलं. ते बघितलं. परत बघितलं.

“चूक सापडेना की,” तो म्हणाला. “ताई, तुम्ही आधी कुठं होता?”

“घरी,” ती म्हणाली.

कुंडलिकरावांना पानामागं पंधरा रुपये ठरले. त्यातले सहा त्यांनी रेश्माला देऊ केले, पगार वेगळा. तोवर तिचा पगार दोन हजारांवर गेला होता. त्या हिवाळ्यात तिला महिन्याला साडेतीन-चार हजार मिळू लागले. कोऱ्हाळ्यात शाळेतल्या जुन्या मास्तरांना मिळायचे त्याच्या जवळपास ते जायचे, असं लोक म्हणायचे. सिद्धूनं घरावर पत्रे बदलले. शंभूराजला बारामतीत चांगल्या शाळेत घालायचं ठरलं. संध्याकाळी माळेगावपाशी उसाच्या गाड्यांनी रस्ता अडायचा, एसटी थांबून राहायची, तेव्हा रेश्मा खिडकीशी डोकं टेकून बोटं मोडत बसायची. बोटं दुखायची. तिला ते दुखणं आवडायचं.

याच दिवसांत सुकन्याचा विषय निघाला. सुकन्या ही तिची नणंद, सिद्धूची धाकटी बहीण. बारावी झाली होती, स्थळं बघणं चाललं होतं.

“हिला पण शिकव की गं,” बनाबाई म्हणाली. “कॉम्प्युटरवाली म्हटल्यावर स्थळ बी बरं येईल.”

रेश्मानं ते कुंडलिकरावांना विचारलं. ते विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, “एकटीला कशाला? क्लासच काढू. सकाळी मशीन मोकळं असतं. फी माझी, शिकवायचं तू. तिसरा हिस्सा तुझा.”

क्लास सुरू झाला. पहिल्या खेपेला सात पोरी आल्या, त्यात सुकन्या होती, भवानीनगरची सारजा होती. पुढच्या खेपेला त्याहून जास्त. रेश्मा मन लावून शिकवायची. स्वतः जी जोडाक्षरं शोधायला तिला आठवडे लागले, ती ती एका सकाळी सांगून टाकायची. कुठल्या कळेवर हात अडतो, पान कसं वाचायचं म्हणजे चूक दिसते, वीज जाते त्याच्या आधी काम साठवायची सवय कशी लावायची, काहीही राखून ठेवायची नाही. पोरी तिला बाई म्हणायच्या. आयुष्यात कुणी आपल्याला बाई म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं.

इंद्रजित एका सकाळी क्लास चालू असताना आला. मागं उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

“किती झाल्या ताई आतापर्यंत तयार?”

“वीसेक तरी,” रेश्मा अभिमानानं म्हणाली. “ह्या सारजाचा हात तर माझ्याहून जलद हाय.”

“वा,” इंद्रजित म्हणाला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं भवानीनगरला एक खोली भाड्यानं घेतली, तीन मशीन टाकली. मग इंदापुरात तसंच. बसायला माणसं शोधावी लागली नाहीत. सारजा आणि क्लासमधल्या इतर पोरी घराजवळ काम मिळतंय म्हणून तिकडं गेल्या. रेश्माला आनंदच झाला. सारजा पेढे घेऊन आली तेव्हा तिनं तिला चोळीचं कापड दिलं.

महिन्याभरानं इंद्रजित कुंडलिकरावांकडं आला. या वेळी फाइल उघडली नाही.

“तात्या, दर आता नऊवर आणावा लागेल.”

“नऊ?” कुंडलिकराव उठून उभे राहिले. “अरे पंधराचं पान नऊला? कागद, वीज, मशीनचा खर्च…”

“मला भवानीनगरला ते पाचात पडतंय. तरी तुम्ही जुने म्हणून नऊ म्हणतोय. कंपनी मला दर महिन्याला विचारते, आणखी कुठं स्वस्त होतंय का. माझंही तिथं कुणी ऐकत नाही.”

रेश्मा मशीनपाशी बसली होती. तिनं हात थांबवला. “साहेब, त्या पानांत चुका किती असतात? सारजाचं काम जलद हाय, पण ती वाचत न्हाय परत.”

“असतात ना,” इंद्रजित शांतपणे म्हणाला. “तुमच्या पानात नसतात, मला माहीत आहे. पण पुण्यात प्रुफं वाचायला माणसं बसवलीच आहेत. तुमचं पानही ती वाचतात, त्यांचंही वाचतात. चूक नसल्याचे वेगळे पैसे मला कुणी देत नाही, मग मी कुठून देऊ?”

“मग माझ्या कामाची किंमत कशावर?”

इंद्रजितनं फाइल टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता. “ताई, खरं सांगू? हेच काम पुण्यात कंपनीत बसून केलंत तर पाच हजार मिळतील. इथं बसून केलंत तर एवढेच. बोटं तीच, अक्षर तेच. बघा, येत असाल तर शब्द टाकतो.”

ते तिनं घरी सांगितलं. सिद्धू जेवताना थांबला.

“मी तितं काय करू?” तो म्हणाला. “तितं ट्रॅक्टर कुठाय? खोलीचं भाडं, पागडी, पोराची शाळा. तुझ्या पाचातलं उरंल काय?”

“तुमी रिक्षा चालवाल की.”

“कुणाची?”

तरी एका रविवारी दोघं पुण्याला जाऊन आले. हडपसरच्या पलीकडं एक खोली बघितली. भाडं आणि अनामत ऐकून दोघं जिना उतरले. परत येताना एसटीत सिद्धू म्हणाला, “तू एकटी ऱ्हा वाटलं तर. मी आडवा येत न्हाय.” पण शंभूराज तेव्हा पाच वर्षांचा होता. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि तो विषय तिथंच संपला.

कुंडलिकरावांनी तिचे पानामागचे सहाचे तीन केले. पावसाळ्यात अहवालांची कामं आली, पण तीही कमी. बारामतीत आणखी दोन डीटीपी सेंटर निघाली होती आणि दोन्हीकडं खुर्चीत रेश्माच्याच पोरी बसत होत्या. लग्नपत्रिकेचा दर अर्ध्यावर आला. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, “पलीकडं एवढ्यात करतात की.” कुंडलिकराव रेश्माकडं बघायचे, रेश्मा पडद्याकडं.

शेवटी तिला एक गोष्ट सुचली. सगळ्या पोरींना ओळखणारी ती एकटीच होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की इतक्याच्या खाली कुणी पान करायचं नाही, तर इंद्रजित काय करेल? सुट्टी काढून ती इंदापूरच्या गाडीत बसली आणि भवानीनगरला उतरली.

खोली पत्र्याची होती. टेबलपंखा फक्त मशीनच्या दिशेनं लावलेला. सारजा रेश्माला बघून धावत आली, चहा सांगितला. बाकीच्या दोघीही जवळ आल्या. रेश्मानं मांडलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तुमाला पानामागं किती देतो?” रेश्मानं विचारलं.

“दोन,” सारजा म्हणाली.

“दोन? अगं, मला सहा मिळायचे.”

“तुमाला मिळायचे बाई. आमाला पहिल्यापासनं दोनच हायेत.”

“म्हणून तर म्हणते. सगळ्यांनी मिळून पाच मागू. मी तिकडं सांगते, तुमी हितं सांगा. इंदापुरातल्या पोरींना मी भेटते.”

सारजानं पदराशी चाळा केला. तिचं लग्न होऊन तिला नवऱ्यानं टाकलं होतं, हे रेश्माला माहीत होतं. ती आई-बापाच्या घरी राहत होती.

“बाई, तुमी म्हणता ते बरोबर हाय,” ती म्हणाली. “पण आमी थांबलो तर तो दौंडला जाईल, न्हाय तर अकलूजला. तितं बी क्लास निघालेत. मग हे दोन बी जातील. घरी बसले तर काय मिळतं मला? काहीच न्हाय. हे दोन हायेत म्हणून भाऊ मला ताटावर बसू देतो.”

दुसरी पोरगी हळूच म्हणाली, “माझ्या जागेवर बसायला माझीच मावसबहीण टपून हाय.”

रेश्मा चहा प्याली. या पोरींवर रागवावं तर त्यांचं चुकतंय काय, आणि न रागवावं तर आलो कशाला. सारजानं तिला गाडीपर्यंत सोडलं.

“बाई, रागावू नका,” ती म्हणाली. “तुमी शिकवलं म्हणून तर उभी हाय मी.”

“न्हाय गं,” रेश्मा म्हणाली. इंदापूरला ती गेलीच नाही. समोर आली त्या गाडीनं बारामतीला परतली.

दिवाळीच्या आधी कुंडलिकरावांनी तिला बसवून घेतलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

“पोरी, दोन हजार मला जमत न्हाय आता. बाराशे देतो. पुस्तकांची कामं आली तर पानामागं दीड.”

“तात्या, मी तीन वर्षं झाली हितं.”

“मला माहीत न्हाय का? खिळे होते तेव्हा माझ्याकडं पंचवीस वर्षं खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. त्याला काढताना मी रडलो होतो. पण काढलाच ना. माझ्या हातात काय हाय सांग. गिऱ्हाईक पलीकडं जातं.”

“मग मी येत न्हाय,” ती म्हणाली आणि पिशवी उचलली. तिच्या मनात होतं, मागच्या वेळेसारखी चार दिवसांत लुना अंगणात येईल.

आठवडा गेला. लुना आली नाही. रेश्मा घरातलं सगळं करायची आणि रस्त्याकडं कान द्यायची. नवव्या-दहाव्या दिवशी गावातला एकजण बारामतीहून निरोप घेऊन आला. निरोप रेश्मासाठी नव्हता. कुंडलिकरावांनी सुकन्याला विचारलं होतं, येतेस का, सातशे देतो.

सुकन्या चुलीपाशी बसून होती. तिनं निरोप ऐकला आणि वहिनीकडं बघितलं. सिद्धू चिडला. “वैनीला काढून हिला घेतोय व्हय? न्हाय जायचं!”

“वैनी,” सुकन्या म्हणाली, “तुमी म्हणाल तसं. तुमी न्हाय म्हणाला तर मी जात न्हाय.”

हेच रेश्माला नको होतं. नाही म्हणावं, तर कुंडलिकराव दुसऱ्या पोरीला घेतील, वीस जणी तयार होत्या. घरात ना दोन हजार येणार ना सातशे. शंभूराजची शाळा चालू होती.

“जा,” ती म्हणाली. “कुणीतरी बसणारच हाय तितं. आपल्यातली बसलेली बरी.”

बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. सगळे उठून गेल्यावर ती सुनेला म्हणाली, “आमी लोकर कातायचो. घोंगडीवाले मेंढरांच्या वाड्यावर येऊन सूत न्यायचे, आगाऊ पैसे ठेवून जायचे. मग गिरणीच्या चादरी आल्या. एक वर्षी कुणी आलंच न्हाय. मी कातून ठेवलेलं तसंच पडून ऱ्हायलं. हात तर तेच हुते गं.”

“मग काय केलं आत्या तुमी?”

“काय करणार? खुरपायला गेले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मानंच सुकन्याचा डबा भरला. एसटी वळणाआड गेल्यावर ती घरात आली. तिची बोटं परातीच्या काठावर आपोआप कळा दाबल्यासारखी हलत होती. तिनं हात पिठात घातले.

सुकन्या हुशार होती, पण तिला घाई फार. तिच्या कामात चुका निघायच्या. एका सोसायटीच्या अहवालात चेअरमनच्या नावाचं भलतंच झालं आणि कुंडलिकरावांना सगळा गठ्ठा परत छापून द्यावा लागला. तेव्हापासून ती प्रुफं घरी आणायची. चहा झाला की दोघी ओट्यावर बसायच्या, रेश्मा लाल पेननं खुणा करायची, का चुकलं ते सांगायची. सुकन्याची कामं सुधारली. कुंडलिकराव तिच्यावर खूश झाले. त्यांनी तिला नऊशे केले.

त्या दिवशी सुकन्यानं घरी येऊन पैसे बनाबाईच्या हातात दिले नाहीत. ते रेश्मापुढं ठेवले आणि रडायला लागली.

“हे तुमचेच हायेत वैनी. अर्धं काम तर तुमीच करता. मी उद्या तात्यांना सांगणार हाय.”

“सांगू नकोस. तुला काढतील.”

पण सुकन्यानं सांगितलं. कुंडलिकरावांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते दुपारचं जेवले नाहीत, असं सुकन्या म्हणाली. संध्याकाळी त्यांनी निरोप दिला, दोघीही या. एकीनं टाइप करावं, एकीनं वाचावं. दोघींना मिळून पंधराशे.

सिद्धूनं मनातल्या मनात हिशोब केला आणि तो कुणाला बोलून दाखवला नाही. रेश्मा एकटी जेवढं आणायची त्याच्या निम्म्याहूनही कमीत आता घरातल्या दोन बायका जाणार होत्या, त्यात दोन पास. तरी सोमवारी दोघी गेल्या. कुंडलिकरावांनी उठून रेश्माला स्वतःची खुर्ची दिली. ती नको म्हणाली, ते ऐकेनात. मग बराच वेळ ती खुर्ची रिकामीच राहिली.

त्या वर्षी शेतीची सीडी निघाली. इंद्रजितनं एक दुकानात आणून दिली. ती लावून बघायची तर दुकानातल्या मशीनला सीडी लागत नव्हती. कुंडलिकरावांनी ती देवाच्या फोटोशेजारी ठेवली. तिच्यातली किती पानं आपली, हे कुणालाच सांगता आलं नसतं. इंद्रजितनं त्या दिवशी आणखी एक बातमी सांगितली. भवानीनगरची खोली तो बंद करणार होता. कंपनीला आता दुसऱ्या राज्यात आणखी स्वस्त माणसं मिळाली होती.

“मराठी पानं? तिकडं?” रेश्मानं विचारलं.

“त्यांना वाचता येत नाही,” तो म्हणाला. “अक्षर बघून कळ दाबतात. दोघादोघांकडून एकच पान करून घेतात आणि मशीन फरक शोधतं. चालतंय.”

“आन् सारजा?”

त्यानं खांदे उडवले, आणि मग ते बरोबर दिसलं नाही असं वाटून म्हणाला, “बघतो काहीतरी.” त्यालाही काही दिसत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. तो स्वतःच इंदापुरात एसटीडी बूथ टाकावं का याच्या विचारात होता.

जूनमध्ये कुंडलिकराव म्हणाले, “तू सोडून गेल्यापासनं बंद पडलेला क्लास परत सुरू करू.”

“कशाला तात्या?” रेश्मा म्हणाली. “एवढ्यांना कामं कुठायत?”

“कामं न्हाईत म्हणूनच. पत्रिकांवर दुकानाचं भाडं सुटत न्हाय. शिकायला मात्र पोरी येतात अजून. तुझा हिस्सा आता निम्मा.”

ती नाही म्हणाली. दोन दिवस नाहीच म्हणत राहिली. सुकन्याचं लग्न ठरत आलं होतं, मुलाकडच्यांना मुलगी कॉम्प्युटरवाली हवी होती. शंभूराजची दुसरीची पुस्तकं घ्यायची होती. तिसऱ्या दिवशी तिनं हो म्हटलं.

पहिल्या सकाळी माळेगावहून एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी दहावी झालेली, कोपऱ्यात अंग चोरून उभी. आईनं विचारलं, “बाई, शिकल्यावर हिला किती मिळतील?”

रेश्मानं कुंडलिकरावांकडं बघितलं. ते पावतीपुस्तकात डोकं घालून बसले होते. खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण बोलवेना.

“हितं आमाला दोघींना मिळून पंधराशे मिळतात,” ती म्हणाली. “ही शिकंल तवर किती ऱ्हातील, मला सांगता येत न्हाय. याहून कमीच असतील.”

सुकन्यानं प्रुफं चाळता चाळता मान वर केली. कुंडलिकरावांचं पेन थांबलं. आता ही बाई मुलीचा हात धरून निघून जाईल, असं रेश्माला वाटलं, आणि ती जावी असंही वाटलं.

त्या बाईनं कोपऱ्यातल्या मुलीकडं बघितलं.

“ऊस तोडायला न्हाय ना लागणार हिला?” तिनं विचारलं.

“न्हाय. सावलीत बसून काम हाय.”

“मग शिकवा,” ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडून फीचे पैसे टेबलावर ठेवले.

कुंडलिकरावांनी पावती फाडली. रेश्मानं स्टूल पुढं ओढून मुलीला बसवलं, तिची बोटं हातात घेतली आणि कुठलं बोट कुठल्या कळेवर ठेवायचं ते दाखवायला लागली.